लांब, महाग आणि २८ दिवस: एका फॉरवर्डला उत्तर

एकाच आठवड्यात तीन ग्रुपवर तोच मेसेज आला आणि तिन्हीकडे खाली हात जोडलेले इमोजी. मजकूर थोडक्यात असा: घरात कुणी व्यसनी असेल तर त्याला जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू नका, तो पळून येतो, लांब पाठवा. स्वस्तातलं केंद्र म्हणजे फसवणूक, उसने काढा पण महागातलंच बघा. त्याला विचारत बसू नका, उचलून न्या. २८ दिवस भेट नाही, फोन नाही. माणूस बरा होऊनच परत येतो.

हेतू चांगला असेलही. पण शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा घोळ तिथूनच निघतो.

"बरा होऊनच परत येतो." दारू अचानक थांबवली की फिट येण्याचा धोका पहिल्या ६ ते ४८ तासांत असतो. भ्रम, थरथर, नसलेली माणसं दिसणं हा गंभीर प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सुरू होतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. हेरॉईनचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि आठवडाभरात बराचसा ओसरतो. म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याचं काम २८ दिवसांच्या कितीतरी आधी उरकतं. तलफ मात्र महिनोन् महिने राहते. २००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना आली होती: उपचारानंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण व्यसनात ४० ते ६० टक्के, तर रक्तदाब आणि दमा पुन्हा उचल खाण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के. गोळ्या सोडल्यावर बीपी वाढलं तर आपण हॉस्पिटलला शिव्या घालत नाही, आणि पेशंटला नालायकही म्हणत नाही.

हेरॉईन किंवा तत्सम अफूजन्य पदार्थ असतील तर "बरा झाला" हा समज थेट घातक ठरतो. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. लंडनमध्ये अशा १३७ रुग्णांचा मागोवा घेतला गेला, तो अभ्यास २००३ मध्ये छापून आला. चार महिन्यांच्या आत अतिमात्रेने तिघे गेले, आणि ते तिघेही उपचार नीट पूर्ण केलेल्यांपैकी होते. म्हणूनच मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉईनच्या जागी डॉक्टरी देखरेखीखाली दिली जाणारी, तलफ आटोक्यात ठेवणारी औषधं डिस्चार्जनंतरही चालू ठेवतात. "एक नशा सोडवून दुसरी लावली" म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, त्यांना हा आकडा जरूर ऐकवा.

"लांब पाठवा." मेसेजमधला हा सगळ्यात पटणारा मुद्दा, आणि त्यामागे खरोखर एक गोष्ट आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉईनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा अडकले, असं अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात दिसलं. जागा बदलली, व्यसन सुटलं! पण नीट बघा. ते सैनिक ज्या जागी नशा करत होते तिथे परत गेले नाहीत. तुमचा माणूस मात्र महिन्याभराने त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, पगाराच्या त्याच संध्याकाळी परतणार आहे. त्या संध्याकाळचा सराव कुठल्याही लांबच्या केंद्रात होत नाही. जवळच्या केंद्रातून एक दिवस घरी सोडता येतं, काय झालं ते दुसऱ्या दिवशी समुपदेशकाशी बोलता येतं, बायकोला-आईला दर आठवड्याला बोलावता येतं.

माझ्या भावाला आम्ही लांब ठेवलं होतं. केंद्र वाईट नव्हतं. फॉलो-अपला मात्र येऊन-जाऊन अख्खा दिवस मोडायचा. तिसऱ्या खेपेनंतर आमचं जाणं आपोआप बंद पडलं. पुढचं सांगायला नको.

लांब पाठवणं योग्य ठरतं तेही सांगतो: घरात मारहाण असेल, घरातलंच दुसरं कुणी पीत असेल, किंवा माल विकणारा दारातच उभा असेल तर. आणि पळूनच जायचं असेल तर माणूस लांबूनही पळतो, फक्त तेव्हा तो कुठे आहे हे कळायला वेळ लागतो.

"महागातलंच बघा." १९७७ मध्ये लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलचे ग्रिफिथ एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी दारूचा त्रास असलेल्या १०० विवाहित पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला पूर्ण उपचार, गरजेप्रमाणे दाखल करण्यासकट. दुसऱ्याला नवरा-बायकोसमोर एकदाच नीट दिलेला सल्ला. वर्षभराने दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. यावरून कुणालाच दाखल करू नये असं मी म्हणत नाही. आधी फिट येऊन गेलेल्या माणसाला घरी दारू बंद करायला लावणं म्हणजे जुगार आहे. पण खर्च वाढला की गुण वाढतो, हा हिशेब इथे चालत नाही. दारू सोडू पाहणारे एकत्र जमून एकमेकांना आधार देतात त्या, १९३५ पासून चालणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला फी नाही, आणि माणसाला या सभांकडे वळवणारे उपचार दारूपासून दूर ठेवण्यात इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरतात, असं २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, आलं.

पैशाचं खरं गणित वेगळं आहे. सगळी पुंजी पहिल्या महिन्यातच ओतली तर पुढच्या वर्षाची औषधं, समुपदेशन, आणि घसरलाच तर पुन्हा दाखल करणं, याला काय उरणार? फोनवरच विचारा: डॉक्टर रोज येतात की बोलावल्यावर? औषधं आणि तपासण्या याच रकमेत आहेत का? मध्येच सोडून गेला तर अनामत परत मिळते का? विमा असेल तर मंजुरी दाखल करण्याआधी आणि लेखी घ्या. सरकारी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आधी बघा, तिथली रांग लांब असली तरी. आणि "आमच्या ओळखीने करून देतो" म्हणणाऱ्याला त्याचं कमिशन किती, हे सरळ विचारा. अमेरिकेत रुग्ण पुरवण्याचा हा धंदा इतका बोकाळला की २०१८ मध्ये त्याविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला.

"उचलून न्या, भेटू नका." पहिले काही दिवस फोन बंद ठेवणं समजू शकतो. महिनाभर कुणालाच आत पाहू न देणारं केंद्र म्हणजे दाराआड काय चाललंय ते तुम्हाला कळू नये अशी सोय. राहिला न ऐकणाऱ्याला तयार करण्याचा प्रश्न. १९९९ च्या एका अमेरिकन चाचणीत पिणाऱ्याला बाजूला ठेवून घरच्यांनाच शिकवलं: तो न प्यायलेला असताना कसं बोलायचं, तेव्हा त्याला जवळ कसं करायचं, प्यायल्यावर सावरून घेणं कसं थांबवायचं. या 'क्राफ्ट' पद्धतीने ६४ टक्के माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के.

मेसेजमध्ये डिस्चार्जच्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. त्या दिवशी कागदावर पुढच्या भेटीची तारीख, वेळ आणि कुणाला भेटायचं ते लिहिलेलं नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि ती भेट आठवड्याच्या आतली मागा.