सगळे सण एकाच पोस्टरवर

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाद ठरलेला: कुठल्या कंपनीने जाहिरातीत काय दाखवलं. 2020 मध्ये मुस्लिम सासरी हिंदू सुनेचं डोहाळजेवण दाखवणारी जाहिरात तनिष्कला मागे घ्यावी लागली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या कपड्यांना दिलेल्या ‘जश्न-ए-रिवाज’ या उर्दू नावावरून फॅबइंडियावर तीच वेळ आली. इथे न्यू जर्सीत बसून हे वाचताना ‘अमेरिकेत असलं काही नसतं’ असं लिहिणाऱ्या आपल्याच लोकांची मला गंमत वाटते. 2015 मध्ये स्टारबक्सने डिसेंबरातला कप नक्षीशिवाय नुसता लाल ठेवला, तर नाताळचा अपमान झाला म्हणून केवढा गहजब झाला होता!

मोठ्या कंपन्यांचं काय, एक निवेदन काढून त्या मोकळ्या होतात. मला काळजी इथल्या एडिसन गावाच्या आसपास घरून फराळ विकणाऱ्या बायकांची. घरच्या स्वयंपाकघरात केलेले टिकाऊ पदार्थ विकायला न्यू जर्सीने 2021 मध्ये परवानगी दिली आणि माझ्या एका मैत्रिणीच्या चकल्यांनी चांगलाच जम बसवला. आधी गिऱ्हाईक सगळं मराठी नि गुजराती. हळूहळू मुलांच्या शाळेतले पालक आले, शेजारी आले.

मग यंदा तिने पोस्टर केलं. पणती, ख्रिसमस ट्री, ज्यूंचा मेनोरा म्हणजे हनुक्का सणातला दिव्यांचा स्टँड, चंद्रकोर, सगळं एकत्र, आणि डिसेंबरपर्यंत हेच चालवायचं म्हणे. मला ते अजिबात पटलं नाही. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, 2025 मध्ये ती मार्चअखेरीस झाली. डिसेंबरात चंद्रकोर छापून मुसलमान शेजारणीला काय सांगायचंय? हनुक्काचंही तेच. ज्यूंचे मोठे दिवस रोश हशाना आणि योम किप्पुर, ते सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. हनुक्का नाताळच्या आसपास पडतो म्हणून बाजाराने त्याला फुगवलं. आपल्याला गणपतीत कुणी विचारलं नाही आणि दत्तजयंतीला मात्र भेटकार्ड धाडलं, तर कसं वाटेल?

माझ्या मते गिऱ्हाइकाला सामावून घेणं पोस्टरवर कमी आणि डब्यावरच्या लेबलावर जास्त असतं. चकलीत तीळ असतात. अमेरिकेत 2023 पासून तीळ हा ठळकपणे सांगायच्या ॲलर्जीच्या पदार्थांत नववा आहे. चिवड्यात शेंगदाणे, शंकरपाळ्यांत गहू आणि तूप. ‘शुद्ध शाकाहारी’ एवढं लिहून आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं, पण व्हीगन माणसाला तूप चालत नाही, त्याच्यासाठी तेलाच्या मोहनाच्या शंकरपाळ्या वेगळ्या काढाव्या लागतात. जैन गिऱ्हाईक चिवड्यात लसूण आहे का ते आधी विचारतं. आणि शाकाहारी म्हणजे आपोआप कोशर, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे चालणारं, असं समजून तसा शब्द छापू नये. त्याला प्रमाणपत्र लागतं. हे सगळं कंटाळवाणं आहे, फोटोत दिसत नाही, पण ज्या आईच्या मुलाला तिळाची ॲलर्जी आहे तिच्या लेखी तुमच्या पोस्टरवर किती धर्म आहेत याला काडीची किंमत नाही.

दिवाळीचा फराळ दिवाळीचा म्हणूनच विकावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नाव झाकून ‘सीझनल स्नॅक्स’ केलं की आपलं गिऱ्हाईक हिरमुसतं आणि परक्याला काही कळत नाही. डिसेंबरात वेगळा डबा करावा आणि त्यात करंज्या घालाव्यात. गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरांत नेवऱ्या करतात, म्हणजे आपल्या करंजीचीच सख्खी बहीण, आणि शेजाऱ्यांकडे फराळाचं ताट जातं. तिथे त्यासाठी कुणी चार धर्मांची चिन्हं गोळा केल्याचं मी ऐकलेलं नाही. दिवाळीला हिंदूंकडून ताट येतं, नाताळला उलट दिशेने जातं.

मैत्रिणीने चंद्रकोर आणि मेनोरा काढले. लेबलं नव्याने छापली, तीळ-शेंगदाणे ठळक अक्षरांत. ट्री मात्र काढायला तयार नाही. ‘अगं, डिसेंबरातल्या निम्म्या ऑर्डरी ऑफिसांच्या असतात,’ म्हणाली, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.