केनी वॉशिंग्टन आणि मधली बारा वर्षं

अमेरिकन फुटबॉलवरचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केनी वॉशिंग्टन हा एनएफएलमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य व्यावसायिक लीगमधला, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लीगमध्ये बंदी वगैरे कधी नव्हती, तेवढ्या ताकदीचे खेळाडूच नव्हते, १९४६ मध्ये मालकांनी मोठ्या मनाने त्याला घेतलं, आणि तो तीनच हंगाम टिकला, म्हणजे बेताचाच होता. यातला तीन हंगामांचा आकडा तेवढा खरा आहे.

‘पहिला’ हे तर सरळच चूक. लीग १९२० मध्ये सुरू झाली, तेव्हा नाव वेगळं होतं. त्याच वर्षी फ्रिट्झ पोलार्ड अॅक्रन प्रोज संघातून खेळला, संघ एकही सामना न हरता विजेता झाला आणि पुढच्या वर्षी पोलार्ड त्याच संघाचा सहप्रशिक्षकही होता.

आता बंदी. लेखी नियम नव्हता, कबूल. पण १९२० ते १९३३ या काळात तेरा कृष्णवर्णीय खेळाडू लीगमध्ये खेळले आणि १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत एकही नाही. १९३३ मध्ये शिकागो कार्डिनल्सकडून जो लिलार्ड खेळत होता, पिट्सबर्गकडून रे केम्प. पुढच्या हंगामात दोघेही नाहीत. सगळ्यांची ताकद एकाच उन्हाळ्यात आटली म्हणायची का?

ताकदीचंच बोलायचं तर वॉशिंग्टनकडेच बघा. १९३९ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाकडून खेळताना त्याने धावून आणि पास देऊन चेंडू एकूण १३७० यार्ड पुढे नेला, म्हणजे त्या वर्षी विद्यापीठांच्या खेळात देशात सर्वाधिक. त्या संघात त्याच्यासोबत वूडी स्ट्रोड होता आणि पुढे बेसबॉल गाजवणारा जॅकी रॉबिन्सनही. तरी १९४० मध्ये एनएफएलच्या एकाही संघाने वॉशिंग्टनला निवडलं नाही. मग तो पॅसिफिक किनाऱ्यावरच्या छोट्या लीगमध्ये हॉलीवूड बेअर्सकडून खेळत राहिला. विशी-पंचविशीतली ऐन उमेदीची वर्षं तिथे गेली, आणि गुडघेही.

राहिला मालकांचा मोठेपणा. एनएफएलचा रॅम्स संघ १९४६ मध्ये क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला आला तेव्हा त्याला कोलिझियम हवं होतं. ते सार्वजनिक पैशांतून उभं राहिलेलं मैदान. हॅली हार्डिंग आणि इतर कृष्णवर्णीय पत्रकारांनी मैदानाच्या व्यवस्थापनापुढे उभं राहून रोखठोक विचारलं की कर आम्हीही भरतो, मग आमच्या खेळाडूंना वगळणाऱ्या संघाला हे मैदान का द्यायचं? मार्चमध्ये वॉशिंग्टनशी करार झाला, नंतर स्ट्रोडशी. मैदान मिळवायला मोजलेली ही किंमत. तिला औदार्य म्हणणं जरा जास्तच झालं.

उरला ‘बेताचा’ हा शेरा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया झालेले गुडघे घेऊन वॉशिंग्टनने करार केला. एवढं असून १९४७ मध्ये त्याने ६० वेळा चेंडू घेऊन धावत ४४४ यार्ड काढले, दर वेळी सरासरी ७.४, त्या हंगामात लीगमध्ये याहून चांगली सरासरी कुणाची नव्हती. त्यातली एक धाव ९२ यार्डांची, थेट टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार. समोरचा संघ होता त्या वर्षी विजेता ठरलेला शिकागो कार्डिनल्स, लिलार्डचा जुना संघ.