लॅपटॉपची पैसेवारी

माझा लॅपटॉप पडला नाही. हे वाक्य गेल्या काही दिवसांत इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगून झालंय, की आता माझ्याच आवाजात मला आरोपीचा सूर ऐकू येतो. पडला नाही, त्यावर कुणी बसलं नाही, पोरांनी आपटला नाही. सकाळी उघडायचा, रात्री मिटायचा, एवढाच काय तो मी त्याच्यावर केलेला अत्याचार. तरी डाव्या बिजागरीपाशी प्लास्टिक तडकलं आणि झाकण उघडलं की तो कोपरा तळताना तोंड उघडलेल्या करंजीसारखा आ वासायला लागला.

आत डोकावलं तर सगळं उघड दिसतं. बिजागरी स्टीलची, ताठ. तिचे स्क्रू पितळी नटांत, आणि ते नट रोवलेत कशात, तर पेन्सिलीच्या टोकाएवढ्या प्लास्टिकच्या खुंट्यांत. रोज झाकण उघडताना सगळा ताण त्या खुंट्यांवर. कधी ना कधी त्या जाणारच. पण हे कंपनीला मान्य नाही, आणि वॉरंटी कंपनीची आहे.

कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकला, ४३१४०१. उत्तर आलं, आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी, पण लॅपटॉपच्या नकाशात परभणी नाही. जवळचं केंद्र छत्रपती संभाजीनगर. जवळचं म्हणजे रेल्वेनं पावणेदोनशे किलोमीटर, तेही एकेरी लोहमार्गावर. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी मुकाट्यानं बाजूला उभी. सेलूला थांबलो, परतूरला थांबलो. मधल्या एका स्टेशनावर इतका वेळ थांबलो की फलाटावरचं कुत्रं ओळख दाखवायला लागलं. मराठवाड्यात वेळेला किंमत नाही असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांना एकदा या गाडीत बसवलं पाहिजे, किंमत कोण देत नाही ते कळेल.

केंद्रात एसी होता, हे कबूल करतो. काउंटरवरच्या पोरानं लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही."

"पण पडला नाही."

"सर, नॉर्मल यूजमध्ये क्रॅक येत नाही."

मग त्यानं भराभर फोटो काढायला सुरुवात केली. तेव्हा मागून आवाज आला, "पंचनामा चालू हाये वाटतं."

वळून पाहिलं. पैठणकडचे एक काका होते. धोतर, टोपी, आणि मांडीवर डीएपी खताची रिकामी गोणी. गोणीवर १८:४६:० असं ठळक छापलेलं. तिच्यात टॉवेलात गुंडाळलेला त्यांच्या पुतण्याचा लॅपटॉप होता, कारण पुतण्या गावात मल्टिसर्व्हिसचं दुकान चालवतो आणि त्या दुकानात लॅपटॉपवर चहा सांडला होता. पुतण्या खाली गाडी लावायला गेलेला. काका मोकळे होते.

"काय म्हणू लागलेत?" त्यांनी विचारलं.

"बाहेरून मार लागलाय म्हणतात."

"हां. म्हंजे पीकविम्यातली स्थानिक आपत्ती." काका सरसावून बसले. "बाहत्तर तासांत कळवलं का?"

"नाही, तडा कधी गेला तेच कळलं नाही."

"मंग गेलं तुमचं." त्यांनी हात झटकले. "कधी झालं ते ठाऊक नाही म्हणलं की कंपनी सुटली. आणि फोटोत तुम्ही कामून नाहीत? नुस्ता माल दिसू लागला. उद्या म्हणतील, दुसऱ्याच्या वावरातला हाये." ते उठले, माझ्या हातात लॅपटॉप दिला, मला भिंतीपाशी उभं केलं आणि पोराला म्हणाले, "ये, आता काढ. मालक बी दिसला पाहिजे अन् नुकसान बी."

"काका, तसं नसतं," पोरगा म्हणाला.

"काढ रे लेका, तुझं काय जातं?"

आणि पोरानं काढला. कंपनीच्या दप्तरी आता माझा एक फोटो आहे. फुटका लॅपटॉप छातीशी धरून, मागं 'आपले समाधान हेच आमचे ध्येय' असा फलक.

काकांचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवून बोटांनी मोजला. "पिकाच्या सरकारी मदतीला तेहेतीस टक्क्याच्या वर नुकसान लागतं. तुमचा कोपरा एकच गेला. चारातला एक, म्हंजे पंचवीस." जरा थांबून त्यांनी शाबूत बिजागरीकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि आवाज खाली आणला. "ही बी मोडली असती तर पन्नास भरलं असतं."

"काका, कॅमेरा आहे," पोरगा म्हणाला.

"मी कुठं मोडू लागलो? हिशेब सांगू लागलो. आता ह्यानं केली ती नजरअंदाज पैसेवारी, रुपयात किती पैसे पीक आलं त्याचा पहिला सरकारी अंदाज. मंग सुधारित येईल, मंग अंतिम. अंतिम बी पन्नास पैशाच्या वरच येती, म्हंजे दुष्काळ नाही, तुम्ही बघा."

मी हसलो. सगळेच हसले. मग काकांनी मोबाइल काढून विम्याचा मेसेज दाखवला. सोयाबीन पाण्यात गेलं होतं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते, आणि जमा झालेल्या रकमेत डीएपीची एक गोणी आली नसती. गोणी १३५० रुपयांची. एक रुपयात विमा होता तेव्हा भरलेला. "एका रुपयाच्या मानानं लई दिलं म्हणा," ते म्हणाले. यावर हसायचं की नाही ते कुणाला कळेना. तेवढ्यात पुतण्या आला आणि त्यांचं टोकन लागलं.

सुधारित पैसेवारी मला तिथंच मिळाली. सी पॅनल, म्हणजे कीबोर्डभोवतीचं कव्हर, बदलावं लागेल. ते कीबोर्डसकट येतं, सुटं मिळत नाही. वर बिजागरी. साडेअकरा हजार, अधिक १८ टक्के जीएसटी. खुंटी फुटली शेंगदाण्याएवढी आणि बदलायचा अर्धा लॅपटॉप. दुरुस्ती नको असेल तर तपासणीचे ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. त्यांनी बोट ठेवलं त्याचे. अपघाती नुकसानीची वेगळी योजना असते, ती लॅपटॉप घेतानाच घ्यायची होती म्हणे. म्हणजे वॉरंटी कशासाठी असते, तर काहीच झालं नाही तर. मी ५९० भरले आणि करंजी घेऊन परत निघालो.

१९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. तिथली बाई नीट बोलली, तक्रार लिहून घेतली, कंपनीकडे पाठवली. कंपनीनं तिला कळवलं, फिजिकल डॅमेज. काकांची अंतिम. मला राग येतो तो पैशाचा नाही, म्हणजे पैशाचाही येतोच. पण वस्तू त्यांनी बनवली, खुंटी त्यांनी ठरवली, तपासणारा त्यांचा, निकाल त्यांचा, आणि सिद्ध मी करायचं. कसं करायचं? रोज लॅपटॉप उघडताना तलाठी बोलवायचा?

परभणीत स्टेशन रोडवरच्या एका दुकानदारानं आरपार भोक पाडून दोन नट-बोल्ट बसवले, वर एम-सील लिंपलं. चारशे रुपये. झाकणाच्या पाठीवर बोल्टांची डोकी दिसतात, पण उघडताना आता कर्रर्र आवाज येत नाही. वॉरंटी अर्थातच गेली.

काल केंद्रातून त्याच पोराचा फोन आला. "सर, कंपनीचा एक मेसेज येईल. सर्व्हिसला दहापैकी मार्क द्यायचेत. प्लीज दहा द्या. आठ दिले तरी आमच्यावर येतं."

"अरे, पण तुम्ही काम काय केलं?"

"सर, मी फोटो काढला ना काकांनी सांगितला तसा. त्यावरून साहेब बोलले मला."

हे खरं होतं. मी दहा दिले. त्या पोराला दिले. पण मेसेजमध्ये पोराचा रकाना नव्हता, त्यामुळे कंपनीच्या कागदावर मी सध्या अत्यंत समाधानी ग्राहक आहे, आणि आज त्यांचा नवीन लॅपटॉपच्या ऑफरचा मेसेज आलाय.