विजयदुर्गावर ग्रहणाची गर्दी कशाला?

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एका प्रस्तावावरून वाद चालला आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. त्या दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावर ग्रहण महोत्सव भरवावा आणि मुंबई-पुण्याहून पर्यटक आणावेत, असे काही तरुणांचे म्हणणे आहे. त्यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर असे की, त्या दिवशी आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्याची अवस आहे, आणि मुळात ‘गिराणात भायर पडूचा नाय’. मी बोस्टनजवळ राहतो आणि हा वाद दुरून वाचतो. वेध पाळावेत की नाहीत या एकाच प्रश्नावर दोन्ही बाजूंची शक्ती खर्ची पडते आहे. माणसे येणार कुठून, थांबणार कुठे आणि परत जाणार कशी, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही, याची मला काळजी वाटते.

माझे मत आधीच सांगतो. ग्रहण अवश्य पाहावे, मुलाबाळांना दाखवावे. पण त्यासाठी विजयदुर्गावर गर्दी जमवू नये.

२०२७ चे ग्रहण खग्रास आहे ते स्पेनच्या दक्षिण टोकापासून उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया आणि येमेन ओलांडणाऱ्या एका चिंचोळ्या पट्ट्यात. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला राहील. कोकणात ते खंडग्रास आहे, तेही दुपार उतरताना आणि ऐन पावसाळ्यात. ढगांनी वाट दिली तर सूर्याचा एक भाग खाल्ल्यासारखा दिसेल. हे दृश्य विजयदुर्गाच्या बुरुजावरून जसे दिसेल, तसेच दापोलीतल्या शाळेच्या मैदानावरून किंवा वेंगुर्ल्यातल्या एखाद्या खळ्यातून दिसेल. खग्रासाच्या पट्ट्यात लोक एकवटतात, कारण पट्ट्याबाहेर गेले की ते दृश्यच उरत नाही. खंडग्रासाला अशी कोणतीच अट नसताना आपण होऊन सगळ्यांना एका टोकाला का बोलवायचे?

ही अट काय असते, ते ८ एप्रिल २०२४ रोजी आम्ही इथे पाहिले. बोस्टनमध्ये त्या दिवशी सूर्य सुमारे ९३ टक्के झाकला जाणार होता. ऐकायला हा आकडा भरघोस वाटतो. पण उरलेल्या सात टक्क्यांच्या उजेडात दिवस दिवसच राहतो आणि सूर्याभोवतीची प्रभा दिसत नाही. म्हणून आम्ही व्हरमाँट राज्यातल्या न्यूपोर्ट या कॅनडाच्या सीमेलगतच्या गावी गेलो. गाव चार-पाच हजार वस्तीचे, आणि सबंध राज्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास. तिथल्या प्रशासनाने आठवडेच्या आठवडे आधीपासून एकच गोष्ट लोकांच्या कानीकपाळी सांगितली होती : लवकर या आणि उशिरा निघा. बर्फ वितळण्याचा तो मोसम असल्यामुळे मातीच्या रस्त्यांवर गाड्या घालू नका, ओल्या डोंगरवाटांवर चढू नका, हेही बजावले होते. गावात फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या होत्या आणि कोणती गाडी कुठे लावायची ते सांगणारे स्वयंसेवक चौकाचौकांत होते. कॅनडातल्या नायगारा प्रदेशाने तर दहाएक दिवस आधीच आणीबाणी जाहीर करून ठेवली होती. अपेक्षेइतके लोक तिथे आले नाहीत, पण त्यामुळे तयारी वाया गेली असे मला वाटत नाही.

साडेतीनच्या सुमारास उजेड आधी पांढुरका झाला, मग अंगावरचे ऊन एकाएकी निवले, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले आणि सूर्याच्या जागी प्रभेने वेढलेली काळी चकती उरली. तिच्या खालच्या कडेला एक लालसर गुलाबी ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसत होता; ती सूर्यावरून उसळलेली ज्वाला होती. उजवीकडे खाली शुक्र आणि डावीकडे वर गुरू स्पष्ट दिसत होते. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी आजी मोठ्याने रडत होत्या. तीन मिनिटांहून थोडे अधिक चाललेल्या त्या दृश्यासाठी कितीही दूर जावे, असे मी आजही म्हणेन.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. सकाळपासून ज्याच्या त्याच्या सवडीने आलेली माणसे सूर्य उघडताच एकाच वेळी परत निघाली. न्यूपोर्टहून बोस्टनकडे येणारा नेहमीचा मार्ग न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रँकोनिया नॉच या खिंडीतून जातो आणि तिथे हा मोठा महामार्ग दोन्ही दिशांना एकेका लेनचा होतो. एरवी साडेतीन-चार तासांचा हा प्रवास. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. खिंडीच्या अलीकडे गाड्या इतक्या सावकाश सरकत होत्या की लोक उतरून शेजारून चालत होते. वाटेतल्या पेट्रोल पंपावर खाण्याच्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या आणि स्वच्छतागृहाची रांग इमारतीला वळसा घालून गेली होती. हे शिस्तीने लेन पाळणाऱ्या देशात, चांगल्या रस्त्यांवर आणि पुरेशी पूर्वसूचना दिलेली असताना झाले.

आता विजयदुर्ग डोळ्यांसमोर आणा. मुंबई-गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडला की किल्ल्यापर्यंत जाणारा रस्ता अरुंद आणि वळणावळणांचा आहे, ऑगस्टमध्ये त्याच्या कडा खचलेल्या असतात आणि तो संपतो तिथे पुढे समुद्र आहे. आलेल्या बहुतेक गाड्यांना त्याच रस्त्याने मागे फिरावे लागणार. किल्ल्याची पावसाने शेवाळलेली दगडी वाट, समुद्राकडची उघडी तटबंदी आणि वर आकाशाकडे पाहत चालणारी माणसे, हे चित्र मला स्वस्थ बसू देत नाही.

यावर गावच्या तरुणांचा मुद्दा असा की, कोकणाला गर्दी नवीन नाही. गणपतीला लाखो चाकरमानी येतात, आंगणेवाडीची जत्रा पार पडते, मग हे का जमू नये? मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात एक फरक निसटतो. चाकरमानी चतुर्थीच्या आधी चार-पाच दिवस टप्प्याटप्प्याने येतो आणि परततानाही कोणी दीड दिवसाने, कोणी गौरीबरोबर, कोणी अकराव्या दिवसानंतर निघतो. आंगणेवाडीला दिवसरात्र माणसे येत-जात असतात आणि एसटी जादा गाड्या सोडते. एवढे असूनही महामार्ग तुंबतोच. ग्रहणाला आलेला माणूस मात्र मोक्ष झाला की त्याच क्षणी उठतो. आपल्या जत्रा सांभाळणाऱ्या मंडळींकडे अनुभव मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही; किंबहुना या चर्चेत सर्वांत आधी त्यांनाच बोलवायला हवे होते.

प्रस्तावात विजयदुर्गाच्या बाजूने इतिहासही मांडला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर या शास्त्रज्ञाने किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियमचा शोध लावला, असे त्यात म्हटले आहे. त्या खग्रास ग्रहणाची सावली याच किनाऱ्यावरून आत शिरून विजापूरमार्गे पूर्व किनाऱ्याला गेली, हे खरे आहे. पण या शोधाशी लॉकियरबरोबर ज्याचे नाव जोडले जाते तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. त्याने आपले निरीक्षण त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिथूनच केले. महोत्सवाच्या पत्रकात हे जसे घडले तसे लिहावे. या तटावर भरदिवसा चंद्राची सावली पडली होती, ही गोष्ट मुलांना सांगायला पुरेशी मोठी आहे.

वडीलधाऱ्यांनाही माझी विनंती आहे. हे ग्रहण सूर्यास्ताच्या बरेच आधी सुटते, त्यामुळे तिन्हीसांजेच्या दीपपूजनाच्या आड ते येत नाही. ज्यांना वेध पाळायचे त्यांनी पाळावेत, पण त्या सोमवारी शाळांनी दारे-खिडक्या लावून मुलांना आत कोंडू नये. १९८० च्या फेब्रुवारीत खग्रासाची सावली आपल्यापासून दोनएकशे किलोमीटरवर अंकोल्याला किनाऱ्यावर चढली, आणि घरोघरी लोक दारे लावून बसले. ते पुन्हा व्हायला नको. प्रत्येक शाळेने आपल्याच मैदानावर सोय करावी. आयएसओ १२३१२-२ या मानकाचे चष्मे असावेत. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच किंवा पाण्याची परात यांपैकी काहीही चालणार नाही, कारण खंडग्रासात नुसत्या डोळ्यांनी पाहण्याजोगा एकही क्षण नसतो. चष्मे कमी पडले तर पुऱ्या तळायचा झारा उन्हात धरावा. प्रत्येक भोकातून जमिनीवर सूर्याची एकेक कोर उतरते. ढग आलेच तर मुले घरी जातील, कोणाचे हॉटेलचे पैसे बुडणार नाहीत. २२ जुलै २००९ रोजी सुरतेपासून बिहारमधल्या तारेगनापर्यंत किती लोक दूरवरून येऊन पावसाळी ढगांखाली उभे राहिले, ते आठवावे.

महोत्सवाचा उत्साह ज्यांना कुठे तरी लावायचा आहे त्यांनी २१ मे २०३१ ची तारीख धरावी. त्या दिवशी केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण भागात कंकणाकृती ग्रहण आहे, मोसमी पाऊस सहसा पोहोचलेला नसतो आणि कोकण रेल्वेने तिथे जाता येते. अडचण अशी की, ते मे महिन्याच्या सुट्टीत येते. त्या दिवसांत गाड्या तशाही भरलेल्या असतात आणि आरक्षण सध्या साठ दिवस आधी उघडते. म्हणून गावाने गट करून जावे, आदल्या दिवशी पोहोचावे, मुक्काम कंकणाच्या पट्ट्यातच धरावा आणि परतीचे तिकीट ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशीचे काढावे, त्याच संध्याकाळचे नव्हे.