मध्यंतरापर्यंत बरा होता

घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत लिफ्टला तळमजल्यावरून एकोणिसाव्या मजल्यावर जायला साधारण पाऊण मिनिट लागतं. मध्ये कुणी कुत्रं घेऊन शिरलं तर थोडं जास्त. एवढ्या वेळात तुम्हाला नव्या सिनेमावर मत देता आलं पाहिजे. येत नसेल तर जिना आहे.

'बघितला का?' असं कुणी विचारलं की 'कुठला?' असं विचारू नका, तिथेच उघडे पडता. शुक्रवार ते मंगळवार 'तो' एकच असतो. आणि बघितला नसेल तरी नाही म्हणायचं नाही. दाताखाली वेलची आल्यासारखा चेहरा करायचा, दोन मजले जाऊ द्यायचे आणि म्हणायचं, 'मध्यंतरापर्यंत बरा होता.'

मराठी माणसाला सापडलेलं हे सगळ्यात सुरक्षित वाक्य आहे. निम्मे मार्क दिल्यामुळे तुम्ही दुष्ट ठरत नाही आणि निम्मे कापल्यामुळे तुम्हाला काही कळत नाही असंही कुणाला म्हणता येत नाही. हॉलिवूडच्या ज्या सिनेमांना मुळात मध्यंतरच नसतं, त्यांनाही आपल्याकडे मधेच कापून सामोशासाठी दिवे लावतात. म्हणजे हे वाक्य त्यांनाही चालतं.

समोरचा चिवट निघाला तर पुढचं वाक्य, 'थोडा लांबलाय, दहा मिनिटं कापायला हवी होती.' सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबानं दहा मिनिटांच्या १४,४०० फ्रेम होतात. त्यातली एकही कुठली, ते सांगावं लागत नाही. आजवर मला कुणी विचारलेलं नाही. विचारलंच तर 'नाही, एकूणच' म्हणा आणि कुणाच्या का मजल्यावर होईना, उतरा.

मत बनवताना सिनेमा सोडून बाकी सगळं जमेला धरावं. मी गेल्या वर्षी एका सिनेमाला 'कंटाळवाणा, कुठेच जात नाही' म्हणालो होतो. खरं तर मानपाड्याच्या सिग्नलला आमची गाडी कुठेच जात नव्हती आणि आम्ही आत पोचलो तेव्हा नायकाचा बाप मरून झाला होता. तो का मेला हे मला अजून माहीत नाही. 'बापाची व्यक्तिरेखा नीट उभीच राहत नाही,' असंही मी चारचौघांत सांगितलं, आणि दोघांना ते पटलं.

घरी मोबाइलवर बघत असाल तर दीडपट वेगानं बघा. सव्वादोन तासांचा सिनेमा दीड तासात संपतो, आणि मग 'फारच संथ आहे हो' म्हणायला आपण मोकळे.

मराठी सिनेमाचं शास्त्र वेगळं आहे. आधी 'आपल्या सिनेमांना शोच मिळत नाहीत' असं पोटतिडकीनं म्हणायचं. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं आणि मग हा प्राइम टाइम दुपारी बारापासूनच सुरू झाला, हा तपशील इथे घातला की वजन येतं. एखाद्या आगाऊ माणसानं फोन काढून 'हा बघा, आपल्या ठाण्यातच साडेतीनचा शो आहे' असं दाखवलं तर 'साडेतीनला कोण जाणार?' म्हणायचं. रात्रीचा निघाला तर 'एवढ्या रात्री कोण जाणार?' चुकून जाऊन आलातच तर निकाल ठरलेला आहे: 'विषय चांगला आहे.' स्थळ बघून आल्यावर 'मुलगी गुणी आहे' म्हणतात ना, तसं. त्यात 'मराठीच्या मानानं' एवढं घातलं की आपण जगभरचं बघतो हेही सांगून होतं. आणि खास ठाणेकरांसाठी हुकमाचं पान म्हणजे, 'याचं नाटक जास्त चांगलं होतं, गडकरी रंगायतनला बघितलं होतं मी.' सिनेमा नाटकावरून घेतलेलाच नाही, ही अडचण फार थोड्यांच्या लक्षात येते.

सगळ्यात कठीण परीक्षा लोकलमध्ये. ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली की खिडकी मिळते, ग्रुप ठरलेला असतो आणि दादरपर्यंत भरपूर वेळ असतो. इथे लिफ्टमधली मतं चालत नाहीत, परदेश लागतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'राशोमोन'ला १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात गोल्डन लायन मिळाला, एवढं पाठ असलं की भांडुपपर्यंत निभावतं, असा माझा समज होता. मुलुंड गेल्यावर मी तो सोडला. चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले एक गृहस्थ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, 'आपल्या प्रभातच्या 'संत तुकाराम'ला व्हेनिसनं १९३७ सालीच नावाजलंय.' नाहूर यायच्या आत मी चौदा वर्षांनी मागे पडलो. तेव्हा व्हेनिसला जायचंच असेल तर आधी चौथी सीट बघून घ्या.

आता एक धोक्याची सूचना. सिनेमाला आईला नेऊ नका.

मी परवा नेलं. सिनेमा गाजत होता, 'वास्तववादी' होता. त्यात एक बाई सकाळी गॅसवर दुधाचं पातेलं ठेवते, तेवढ्यात फोन येतो, नवऱ्याला अपघात झालेला असतो. ती तशीच पदर सावरत धावत सुटते. मग हॉस्पिटल, पोलीस, भावकी, कोर्टाच्या पायऱ्या. शेजारच्या रांगेत लोक डोळे पुसत होते. आईनं मात्र मध्यंतरात माझ्या दंडाला धरून विचारलं, 'त्या दुधाचं काय झालं रे?'

मी म्हटलं, 'आई, त्याचा संबंध नाही.'

'संबंध नाही कसा? गॅस चालू आहे. घरात म्हातारी झोपलेली दाखवली होती की आत.'

उत्तरार्धात नायिका न्यायासाठी झगडत होती आणि आई गॅससाठी. मधेमधे नुसती 'अगं बाई' म्हणायची. शेजारच्यांना वाटलं, रंगून बघताहेत. सिनेमा संपला, टाळ्या पडल्या, आणि सरकत्या जिन्यावरून उतरताना, मागे माणसं असताना, ती म्हणाली, 'तीन दिवस घराकडे कुणी फिरकलं नाही. म्हातारीचं तरी दाखवायचं.' मी तिला हळू बोलायला सांगितलं. लोक ऐकत होते, आणि मला तेव्हा 'छायाचित्रण अप्रतिम आहे' असं काहीतरी म्हणायचं होतं.

रात्री मात्र मला झोप येईना. म्हातारी खरंच होती. दाराआडून खोकली होती एकदा.

मग मी मंगळवारी लोकलमध्ये काय केलं, हे तुम्ही ओळखलं असेलच. असा सल्ला मी छापील देत नाही, पण चांगलं मत हाताशी असेल तर ते कुणाचं हे बघत बसू नये. विक्रोळी सोडल्यावर मी सावकाश म्हणालो, 'दिग्दर्शकाला कोर्ट माहीत आहे, घर माहीत नाही. बाई गॅसवर दूध ठेवून जाते आणि दोन तासांत त्या दुधाकडे एकदाही कॅमेरा वळत नाही.' डबा गप्प झाला. चौथ्या सीटवरच्या गृहस्थांनी पेपराची घडी घातली. 'हे निरीक्षण आहे,' ते म्हणाले. घाटकोपरला त्यांनी मला आपली सीट देऊ केली, मला खिडकी असताना.

बुधवारी हे मत कुर्ल्याला उतरणाऱ्या कुणीतरी ऑफिसात नेलं असावं. कारण शुक्रवारी ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कुणाकडून तरी फॉरवर्ड होऊन, चांगलं पावशेर लांबीचं होऊन परत आलं. आता त्यात दूध विसरलेलं नव्हतं, मुद्दाम ठेवलेलं होतं. न दाखवलेलं दूध म्हणजे बाईच्या आत उतू जाणारं, कुणालाच न दिसणारं काहीतरी होतं. खाली अठरा अंगठे आणि एक हात जोडलेला. मी पण अंगठा दिला. एकोणिसावा.

शनिवारी सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या ताई साखर मागायला आल्या, त्या वाटी हातात घेऊन दारातच रंगल्या. 'काकू, तुम्ही बघितलात ना तो सिनेमा? मला आधी कळलंच नव्हतं, काल वाचलं तेव्हा काटाच आला अंगावर. तुमच्या लक्षात आलं होतं का ते दुधाचं प्रतीक?'

आई वाटी भरता भरता थांबली. 'प्रतीक म्हणजे तो तिचा धाकटा का गं?'

ताईंनी माझ्याकडे बघून समजुतीनं हसून घेतलं. मग आईला सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. प्रतीक म्हणजे काय, दिग्दर्शक न दाखवून कसं दाखवतो, त्यासाठी बघणाऱ्यालाही नजर लागते. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली.

'असेल बाई,' ती म्हणाली. 'आम्हाला मेलं सिनेमातलं काय कळतंय. तू बस हं जरा, माझं दूध आहे गॅसवर.'