एका हाताने टाळी

"त्या पिवळ्या ड्रेसमधल्या मावशी! मूड नाही का आज? हात वर!"

हे मला माइकवरून, भर मैदानात विचारण्यात आलं. डाव्या हातात कोंबडी-वड्यांची प्लेट, उजव्यात सोलकढीचा ग्लास, पर्स तेवढी दातांत धरायची बाकी. निवेदक पंचविशीचा, चमकीच्या जाकिटातला. मावशी म्हणाला, म्हणू दे. पण हात वर म्हणजे प्लेटसकट की प्लेटशिवाय, एवढं तरी सांगावं माणसानं!

मुंबईतल्या मालवणी जत्रा ज्यांनी पाहिल्यात त्यांना मांडणी सांगायला नको. एका टोकाला कूपनची रांग, दुसऱ्या टोकाला स्टेज, मध्ये सुरमईचा धूर. खुर्च्या मात्र नेमक्या स्पीकरच्या तोंडाशी. बसून खायचं तर कान गमवा, कान वाचवायचे तर उभ्यानं खा. मी कान वाचवले होते.

"हय दी," शेजारून आवाज आला. "मी धरतंय. तू टाळये वाजव."

सत्तरीचे गृहस्थ. पांढरा लेंगा, वर बिनबाह्यांचा स्वेटर, मुंबईत कुणालाही न वाजणाऱ्या थंडीसाठी मफलर. मी काही बोलायच्या आत प्लेट त्यांच्या हातात गेली होती, आणि ओवाळणीच्या तबकासारखी त्यांनी ती छातीशी धरली होती.

"ऑक्टोपॅडार आसा ना, तो जावय माझो."

मी पाहिलं. स्टेजच्या कोपऱ्यात, कीबोर्डवाल्याच्या खांद्याआड, एक बारीकसा मुलगा आठ रबरी चौकोनांवर जीव तोडून काठ्या मारत होता. ढोलकी, ढोल, तबला, काच फुटल्याचा आवाज, सगळं त्या पेटीतून निघत होतं. मी उरलेला ग्लास सांभाळत, एका हाताने मांडीवर थाप मारली.

"अशे नाय," काका म्हणाले. "ग्लास पण दी. चेडवाक सांगूचा आसा, लोकांनी टाळये वाजवल्यानी म्हणान."

ग्लासही गेला. मी दोन्ही हातांनी, शिक्षा झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. काकांनी मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. होय, माझी प्लेट घेऊन. बांगडा खाणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी तसंच मोकळं केलं, फक्त आता त्यांना धरायला हात उरला नव्हता, म्हणून बांगड्याची प्लेट माझ्याकडे आली. पाहुण्यांचा बांगडा सांभाळत मी माझ्या कोंबडीमागून मैदानभर फिरत होते.

फिरता फिरता कळलं की काका स्वतः दशावतारात पखवाज वाजवायचे. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत, जोडीला पेटी आणि झांज, बस्स. "आमच्या वेळाक माइक खय होतो?" आणि त्यांच्या भावाची बेंजो पार्टी. गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला आपण बेंजो म्हणतो तो मुळात जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या माणसानं १९१२ मध्ये टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तंतुवाद्य काढलं, तैशोगोतो. ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि आपण त्याला वायर जोडून गल्लीत नाचायला लागलो. अशी वळणावळणाची वाद्यं ज्या मुलखानं आपलीशी केली, त्याच्या नावाच्या जत्रेत स्टेजवर काय चाललं होतं? हिंदी सिनेमाची गाणी. सलग. अर्धी साथ पेन ड्राइव्हवरून. खाली वडे मालवणी, रस्सा मालवणी, आणि वर कुठल्याही लग्नाच्या हॉलातला कार्यक्रम.

"पुढचा गजर," काका माझ्या कानात ओरडले. "मगे जावयाचो सोलो. मोबाइल काढ, व्हिडिओ व्हयो."

काढला. निवेदकानं गजराची घोषणा केली, जावयानं काठ्या उचलल्या, आणि सत्कार सुरू झाला.

जत्रेच्या कमानीवर, स्टेजमागे, अगदी हात धुवायच्या पिंपावरही ज्यांचे फोटो होते ते सगळे आता जातीनं वर आले. शाल, श्रीफळ, गुच्छ. मग शाल देणाऱ्यांना शाल. मग दोन शब्द. एकानं "कोकणच्या लाल मातीतील लोककला टिकली पाहिजे" असं ठणकावून सांगितलं, कोकणच्या लोककलावंताकडे पाठ करून. जावई काठ्या धरून उभा. बसावं तर बरं दिसणार नाही, वाजवावं तर वाजवू देत नाहीत. मला मघाशी हात वर करायला सांगणारा तो चमकीवाला या मंडळींना मात्र "साहेब, आवरतं घ्या" म्हणाला नाही. मावशीला बोलायला काय जातं!

आणि दहा वाजले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला कायदा. सरकार वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते बहुतेक गणपती-नवरात्रातच खर्ची पडतात. एरवी हा नियम मी शेजाऱ्यांना तोंडपाठ म्हणून दाखवते. त्या रात्री पहिल्यांदा त्याचा राग आला. साउंडवाल्यानं खटका ओढला. गजर राहिला, सोलो राहिला. माझ्या मोबाइलमध्ये एका साहेबांची पाठ आणि तिच्यावरून डोकावणारी काठीची दोन टोकं आहेत.

काकांनी माझी प्लेट परत दिली. वडे पापडासारखे कडक झाले होते, सोलकढी कुठे गेली ते मी विचारलं नाही. "काय दिल्यानी जावयाक?" एवढंच विचारलं.

"कूपना. दोन." त्यांनी खिशातून काढून दाखवली. "म्हणाले, परसिद्धी गावता. परसिद्धीर ऑक्टोपॅडचो हप्तो फिटता?"

फलकावर वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नव्हतं. कसली प्रसिद्धी?

वायरी गुंडाळून जावई खाली आला तेव्हा अर्धे स्टॉल आवरले होते. काका कूपनं घेऊन शेवटच्या पेटत्या शेगडीपाशी गेले.

"कोंबडी संपली, काका," स्टॉलवाली बाई परात घासता घासता म्हणाली. "वडे आहेत गार."

"चलतले. रस्सो?"

"रस्स्याला वेगळं कूपन."

काकांनी मफलर सोडला, स्वेटरच्या बाह्या नव्हत्या म्हणून सदऱ्याच्या वर सारल्या, आणि भांडायला सुरुवात केली. बिनमाइकाचा असूनही तो आवाज पार कमानीपर्यंत गेला असणार.