‘ती पुस्तकं जाळा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. विश्वासावर प्रश्न उभे करणाऱ्या कादंबऱ्या ख्रिस्ती माणसानं वाचू नयेत, कादंबरी म्हणजे मुळातच खोटं, कुसंगतीनं नीती बिघडते, शंका म्हणजे सैतानाला उघडलेलं दार, आणि घरात असं पुस्तक सापडलं तर बायबलातल्या इफिस शहरच्या लोकांसारखं जाळून टाका. सोडून दिलं असतं, पण आमच्या आत्यानं तो वाचून कॉलेजात जाणाऱ्या पोरीच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, वाचनालयाचं पुस्तक, आत खूण म्हणून नाताळच्या गाण्यांचा कागद घातलेला. म्हणून लिहितोय.

आधी जाळण्याचं. बायबलात प्रेषितांची कृत्ये १९:१९ नीट उघडून वाचा की. तिथं जळाली ती जादूटोण्याची पुस्तकं, आणि जाळली कुणी तर जे स्वतः ते धंदे करत होते त्यांनी, आपली आपण, ५०,००० चांदीच्या नाण्यांचा माल. दुसऱ्याच्या पोरीच्या दप्तरात कुणी हात घातला नव्हता. आता दोन अध्याय मागं या, १७:२८. अथेन्सात येशूचा प्रेषित पौल भर सभेत ‘आपण त्याचा वंश आहोत’ ही ओळ म्हणतो, ती अरातस नावाच्या ग्रीक कवीची, आणि मूळ कवितेत ती झ्यूस देवाबद्दल आहे! म्हणजे परक्या देवाचं काव्य पौलाला तोंडपाठ होतं आणि त्यानं त्याचा विश्वास काही गेला नाही. मेसेजात ठळक अक्षरात टाकलेलं ‘कुसंगतीने नीती बिघडते’, १ करिंथ १५:३३ (पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र), ते पण मेनांडर ह्या ग्रीक नाटककाराचं वाक्य म्हणून ओळखलं जातं. पाठवायच्या आधी एवढं तरी बघायचं ना.

कादंबरी खोटी म्हणे. उधळ्या पुत्राची गोष्ट प्रभू येशूनंच रचून सांगितली, तेवढं पुरे.

शंकेचा मुद्दा मात्र लई घातक आहे. दुःखानं पिचलेला ईयोब त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि हे सगळं पवित्र शास्त्रात आहे, कुणी कापून काढलं नाही. प्रभू पुन्हा उठला यावर शंका घेणाऱ्या थोमा ह्या शिष्याला प्रभूनं हाकललं नाही, जखमा दाखवल्या. पोरांना प्रश्न पडतात ते घरातलं आजारपण, मरण, नोकरीची वणवण बघून, पुस्तकात ते फक्त कुणीतरी बोलून दाखवलेले असतात. पुस्तक हिसकावलं की प्रश्न तिथंच राहतो, पोरगी आपल्याशी बोलायची बंद होते.

आणि ख्रिस्ती झालेले मराठी लेखक बाबा पदमनजी आपलेच ना? १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहून त्यांनी हिंदू विधवांचे हाल मांडले, लोकांच्या रूढींना थेट प्रश्न केले. दुसऱ्यांनी ते वाचावं असं आपल्याला वाटतं, मग आपल्याला प्रश्न विचारणारं कुणी लिहिलं तर आपण का पळायचं?

एक मान्य करतो, करावंच लागेल. नुकतंच घरात मरण झालंय, मन कोसळलंय, अशाला तसलं पुस्तक आत्ता नको असेल. १ करिंथ ८ मध्ये पौल दुर्बळ मनाच्या भावाला जपा म्हणतोच. पण ते त्याच्याशेजारी बसून ठरवायचं असतं, सगळ्या मंडळीला एकच हुकूम सोडून नाही.

आत्याला सांगितलंय, पुस्तक पोरीला परत दे, तिचं झालं की तू वाच, कुठल्या पानावर अडली ते विचार, आणि उत्तर सुचलं नाही तर दोघी मिळून पाळकसाहेबांकडं जा.